आठवं घर कोणाचं?

“आठव्या घरात मंगळ! विषय संपला!”

आजोबांचा आवाज एवढा चढला, की जिन्यात बसून शेंगदाणे खाणारी तिन्ही पोरं गप्पच झाली. ढब्बूने तर तोंडातला दाणाही चावला नाही.

“पण बाबा, मंगळाचा आणि माझ्या नोकरीचा संबंध काय?” मावशी रडवेली झाली होती. “हवामान केंद्र आहे ते. वारा मोजायचा, पाऊस मोजायचा. त्यात कसली भीती?”

“बेटावर आहे ते! बोटीने सहा तास! आणि आठवं घर म्हणजे घाताचं घर. मी नाही पाठवणार जा!”

धाडकन दार लागलं. मावशी बाहेर आली, पोरांकडे न बघता न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. नळ कशासाठी सोडला ते तिघांनाही कळलं.

आता ही मावशी कोणाची, ते सांगायला हवं. चष्मिश आणि ढब्बू या बहीणभावांची ती मावशी, आणि त्यांच्या मामेभावाची आत्या. या मामेभावाला सगळे शंकासूर म्हणत. का, ते कळेलच. दर सुट्टीत तिघं आजोबांकडे येत. आजी जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हापासून घरात आजोबा आणि मावशी दोघंच. मावशीला नोकरीचं पत्र आलं होतं आणि होकार आजच्या टपालाने जायला हवा होता. कोपऱ्यावरची पत्रपेटी टपालवाला साडेचारला उघडत असे. आणि आजोबा हो म्हटल्याशिवाय मावशी सही करणार नव्हती!

“आठवं घर म्हणजे कुठलं घर?” शंकासुराने विचारलंच. “आपल्या गल्लीतलं?”

“कुंडलीतलं रे, बावळटा!” चष्मिश म्हणाली. “चला, आजोबांची फाइल बघू.”

आजोबा रागावले की झोपत. ते घोरायला लागल्यावर तिघांनी निळी फाइल आणि तिच्यासोबतचं ‘कुंडली कशी पाहावी’ हे पिवळं पडलेलं पुस्तक उचललं आणि चोरपावलांनी गच्ची गाठली.

गच्चीवर दुपार पसरली होती. टाकीच्या सावलीत गार वाटत होतं. आभाळ इतकं शांत होतं, की बघता बघता डोळे जड व्हावेत. एका बाजूला दिवसाउजेडीचा फिकट चंद्र कोणी विसरून गेल्यासारखा राहिला होता.

“चंद्र दुपारी काय करतोय?” शंकासूर म्हणाला.

“तो असतोच. चांदण्यासुद्धा आत्ता तिथेच आहेत. उजेडामुळे दिसत नाहीत एवढंच,” चष्मिश म्हणाली.

तिघंही क्षणभर वर बघत राहिले. आपल्या डोक्यावर भर दुपारी चांदण्या आहेत, या विचाराने ढब्बूच्या अंगावर काटाच आला.

चष्मिशने चार कुंडल्या फरशीवर मांडल्या. प्रत्येकीत एक चौकोन, कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन रेघा आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा. झाली बारा घरं! प्रत्येक घरात एक आकडा, आणि काही घरांत अक्षरं. र म्हणजे रवी, मं म्हणजे मंगळ.

“हा बघ मावशीचा मंगळ. आकडा आठ. म्हणजे आठवं घर,” ढब्बू म्हणाला. “आजोबा बरोबर आहेत की!”

“थांब!” शंकासूर चारही कागदांवर ओणवा झाला. “मला शंका आहे.”

“नेहमीचंच!” चष्मिश म्हणाली.

“ऐक तर! तुझ्या कुंडलीत एक नंबर या कोपऱ्यात, माझ्यात भलतीकडेच, ढब्बूच्यात खाली आणि आत्याच्यात आणखी तिसरीकडे. घराचे नंबर असे पळतात का कधी?”

चष्मिशने चष्मा सारखा केला. खरंच की! वरच्या मधल्या घरात तिच्या कुंडलीत तीन होते, ढब्बूच्या सात, शंकासुराच्या बारा आणि मावशीच्या अकरा. तिने पटकन पुस्तक उघडलं. पहिलं पान पाच क्रमांकाचं!

“एक ते चार पानं गेली कुठे?”

ती गेली नव्हती. तिकिटं चिकटवायचा डिंक सांडून ती मुखपृष्ठाला चिकटली होती. आजोबा पाचव्या पानापासूनच ज्योतिष शिकले होते! चष्मिशने पट्टीच्या कडेने पानं हळूहळू सोडवली आणि वाचू लागली. “‘वरचं मधलं घर नेहमीच पहिलं. ते म्हणजे पूर्वेचं क्षितिज. तिथून घड्याळाच्या उलट्या दिशेने घरं मोजावीत. घरातला आकडा घराचा नसतो. जन्माच्या वेळी त्या घरात जी रास असते, तिचा असतो.’ अरे! म्हणजे हे आभाळाचं चित्र आहे!”

मग काय! ढब्बूने खडू आणला आणि गच्चीभर मोठ्ठी कुंडली आखली गेली. ढब्बूचीच. वरच्या मधल्या घरात तो उभा राहिला. “इथे सूर्य उगवतो.” हळूहळू चालत तो उजव्या मधल्या घरात गेला. “इथे डोक्यावर. दहावं घर.” मग खाली, मावळतीला. मग डावीकडे, चौथ्या घरात. “आणि इथे जमिनीखाली, मध्यरात्री.” अनवाणी पावलांना फरशी ऊन लागत होती, पण कोणी थांबलं नाही. तिघंही आभाळातच चालत होते जणू.

“चला, आता पोस्टमनला उठवा!” चष्मिश म्हणाली.

आजोबांनी सदतीस वर्षं पत्रं वाटली होती. “आजोबा, पत्र वाटायचंय, माणूस कमी पडतोय!” म्हटल्यावर ते डोळे चोळत वर आले, चप्पल जिन्यापाशी काढली आणि ती भलीमोठी कुंडली बघून गालातल्या गालात हसले. चष्मिशने त्यांच्या हातात ‘रवी’ लिहिलेली चिठ्ठी दिली.

“ढब्बूच्या कुंडलीतला रवी. टाका बरं घरात.”

“सोपं आहे!” आजोबा तडक उजव्या बाजूला गेले. “इथे आकडा चार. रवी चौथ्या घरात.”

“चौथं घर म्हणजे?”

“पाताळ. पायाखालचं. पुस्तकात आहे.”

“आणि ढब्बू जन्मला कधी?”

“ते विसरेन का मी? बाराचा भोंगा झाला आणि हा भोंगा सुरू झाला!” आजोबा खदखदून हसले.

“रात्री बाराचा?” शंकासुराने साळसूदपणे विचारलं.

“छे रे! भर दुपारी, चांगलं...” आणि आजोबा थांबले. त्यांनी हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग वर सूर्याकडे पाहिलं. “भर दुपारी सूर्य पाताळात?”

चष्मिशने सोडवलेली पानं पुढे केली. आजोबांनी ती दोनदा वाचली. मग पहिल्या घरापासून बोटाने मोजत गेले आणि बरोबर दहाव्यात थांबले. डोक्यावर!

“आता मावशीची,” ढब्बू म्हणाला आणि त्याने भराभर आकडे पुसून वर अकरा मांडले.

आजोबा ‘मंगळ’ची चिठ्ठी घेऊन निघाले. अकरा, बारा, एक, दोन... आठ आला, तेव्हा ते पुन्हा दहाव्याच घरात उभे होते.

“दहावं घर कामाचं,” चष्मिश म्हणाली. “आणि खरं आठवं घर तिकडे, खालच्या कोपऱ्यात. तिथे कोणीच राहत नाही!”

आजोबा मटकन खाली बसले. “सदतीस वर्षं दारावरचा नंबर बघितला आणि पत्र टाकलं. तीच सवय, दुसरं काय! एक पत्र चुकलं नाही म्हणून मिरवायचो रे. आणि पोटच्या पोरीचंच पत्र चुकीच्या घरात टाकलं!”

मावशी कधीची जिन्याच्या दारात येऊन उभी होती. डोळे लाल होते.

“बाबा, मंगळाचं सोडा. तुमच्या मनात काय आहे?”

आजोबांनी ‘मंगळ’ची चिठ्ठी खाली ठेवली. “तुझी आई गेली. आता तू गेलीस की मी या घरात एकटा. त्याची भीती वाटली गं. मंगळ काय, निमित्त मिळालं.”

मावशी त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. “दर रविवारी पत्र लिहीन. आणि सुट्टीत तुम्हीच यायचं तिकडे, वारा मोजायला!”

“बोटीने सहा तास?” शंकासुराने विचारलं.

“गप रे!” बाकीचे सगळे ओरडले.

आजोबांनी डोळे पुसले. “शाबास रे पोरांनो! मी पाचव्या पानावरून सुरुवात केली, तुम्ही पहिल्यापासून केलीत. मोठ्यांचं ऐकावं, पण मोजून घ्यावं! वाजले किती?”

“चार वाजून बावीस मिनिटं!”

“अरे बापरे! सही कर, सही कर!”

मावशीने चष्मिशच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. आजोबांनी पाकीट घेतलं आणि सत्तरीचा माणूस दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेला! पोरं कठड्याला लोंबकळली. कोपऱ्यावर टपालवाला पेटीला किल्ली लावत होता.

“थांब रे! एक राहिलंय! माझ्या मुलीचं आहे!” आजोबा भर रस्त्यात ओरडत सुटले.

“बाबा, चप्पल!” मावशी वरून ओरडली.

पण आजोबा मागे वळलेच नाहीत. तापल्या रस्त्यावरून, हातातलं पाकीट उंच धरून, ते अनवाणीच धावत होते.