फेटाळलेली दुरुस्ती

चष्म्याच्या दुकानदारानं दोन सारख्या डब्यांची अदलाबदल केली आणि तिनं पूर्ण एक दिवस परक्याच्या चष्म्यातून जग पाहिलं. जिन्याच्या पायऱ्या दोनदा चुकल्या. दुसऱ्या दिवशी ती भांडायचं पक्कं करून दुकानात शिरली, तर काउंटरपाशी एक उंच, ओशाळलेला तरुण आधीच उभा होता – तिचा चष्मा हातात धरून.

"तुमचा का हा?" त्यानं विचारलं. "काल दिवसभर ह्यातून प्रत्येक माणूस मला जरा चिडलेला दिसत होता."

"तो चष्म्याचा दोष नाही. माझ्याकडे माणसं तशीच बघतात."

तो हसला... हसताना मान खाली घालायची त्याची सवय होती. तिनं आपला चष्मा डोळ्यांवर चढवला, त्याला एकदा नीट पाहून घेतलं, आणि भांडायचं राहूनच गेलं.

त्या आठवड्यात दोघं तीनदा कॉफी प्यायले. तो जुन्या नकाशांच्या संग्रहालयात नोंदी ठेवायचा. ती म्हणाली, "मी कॉम्प्युटरचं काहीतरी करते." ह्याहून जास्त सांगितलं की लोक जांभया देतात, हा तिचा अनुभव.

"तीन कॉफ्या," घरी आत्या म्हणाली. आत्यानं तीस वर्षं शिवणकाम केलं होतं. बोलताना तोंडात टाचण्या असल्यासारखी नेमकं बोलायची. "चौथीला साखर कमी घाल म्हणावं, तुझं तोंड आधीच गोड झालंय."

"आत्या!"

"मी कुठं काय म्हटलं?"

चौथ्या भेटीत त्यानं तिला संग्रहालयात बोलावलं. नकाशांना जुन्या कागदाचा आणि थोडा कापराचा वास होता. त्यानं तिच्यासाठी स्टूल पुसलं, पुढं केलं, आणि कॉम्प्युटर उघडला.

"हे सॉफ्टवेअर बघा. कुठला बदल कोणी केला, कधी केला, सगळं लक्षात ठेवतं. फुकट आहे, आणि कुणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतं."

तिनं नवख्यासारखी मान डोलावली. त्या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या तिघांपैकी एक ती स्वतः होती.

"आमची नकाशांची चाळीस हजार चित्रं. ती ह्यात घातली की हे मुकं होऊन बसायचं. आत दोन प्रोग्राम आहेत – एक यादी पाठवतो, दुसरा उत्तरं देतो. पहिला सगळी यादी सांगून झाल्याशिवाय एकही उत्तर ऐकायचा नाही. मधली नळी उत्तरांनी तुंबायची, दुसरा थांबायचा. मग त्याला यादी घेता येईना, म्हणून पहिलाही थांबायचा. दोघं समोरासमोर बसून. मी दोन महिने शिकलो आणि दुरुस्ती पाठवली – थोडं सांगायचं, थोडं ऐकायचं. 'कासव' हे नाव घेऊन."

तिनं स्टूल जरासं मागे सरकवलं.

"'सुई' नावाच्या बाईंनी सगळ्यांदेखत उत्तर दिलं. आधी प्राथमिक पुस्तक वाचा, मग दुरुस्त्या पाठवा."

"मग...?"

"वाचलं. चांगलं होतं पुस्तक." त्यानं चष्मा पुसला. "तीन आठवड्यांनी माझीच दुरुस्ती आत आली. त्यांच्या नावावर."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तीन आठवड्यांनी तिचा स्वतःचाच प्रोग्राम तसा मुका होऊन बसला होता, आणि कासव बरोबर होतं हे तिला कळून चुकलं होतं. तसं कबूल करायचं जिवावर आलं. कोडमधली दोन-चार नावं बदलून तिनं ती दुरुस्ती स्वतःची म्हणून नोंदवली. कासव म्हणजे नुसतं टोपणनाव. त्याला कुठं चेहरा असतो? आता होता. आणि त्या चेहऱ्यानं तिच्यासाठी स्टूल पुसलं होतं.

"माझं डोकं दुखतंय," ती म्हणाली आणि जवळजवळ पळालीच.

पाच दिवस तिनं फोन उचलला नाही. सहाव्या दिवशी आत्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे चोरलंस."

"चोरलं नको ना म्हणू..."

"मग काय म्हणू? उसनं घेतलंस आणि विचारायचं विसरलीस?"

त्याच सकाळी तिनं आपली नोंद मागे घेतली, तीच दुरुस्ती कासवाच्या नावानं पुन्हा घातली, आणि सगळ्यांना पत्र धाडलं: ही दुरुस्ती कासवाची. मी तिची टिंगल केली, फेटाळली आणि मग लाटली. – सुई. त्या सॉफ्टवेअरात काही पुसलं जात नाही. मागे घेणं हीसुद्धा एक नोंद होते आणि जुनी तिच्याखाली कायमची राहते. ह्या गुणाचं तिनं अनेक भाषणांतून कौतुक केलं होतं.

मग एक पत्र फक्त त्याला.

दुपारी उत्तर आलं. ह्या सॉफ्टवेअरच्या मंडळींत पत्राची एकेक ओळ उतरवून तिच्याखाली अभिप्राय लिहायची पद्धत असते. त्यानं ती काटेकोर पाळली होती. बहुधा पुस्तकात असावी.

> ती सुई मीच.

ही माहिती नवी आहे. दोन तास खुर्चीतून उठलो नाही.

> तुमची मेहनत मी माझ्या नावावर खपवली.

खरं आहे. राग आला. अजून आहे. शनिवारपर्यंत टिकेल असं दिसतं.

> त्या दिवशी डोकं दुखत नव्हतं.

शंका होतीच.

> तुम्ही मला फार आवडता. हे सांगायचा हक्क मी घालवला आहे.

पहिलं वाक्य मंजूर. दुसऱ्याला पुरावा जोडलेला नाही.

> पुन्हा तुम्हाला तोंड दाखवणार नाही.

फेटाळलं.

ती घरातल्या सपाता घालूनच संग्रहालयात पोचली. तो एका भल्यामोठ्या नकाशावर वाकला होता.

"तोंड दाखवायला आलेय," ती म्हणाली.

"दाखवा मग. तुम्ही तर फरशीकडे बघताय."

"लाज वाटते."

"वाटू दे. मला राग येतोय, तोही येऊ दे. खोली मोठी आहे, दोन्ही मावतील."

थोडा वेळ दोघंही नकाशाच्या कडा उगाचच सपाट करत राहिले.

"ती नोंद... कायम राहणार ना?" त्यानं विचारलं.

"कायम. कुणीही उघडून वाचेल. उद्या माझी मुलंसुद्धा वाचतील – आईनं काय केलं होतं ते."

त्यानं नकाशाची शेवटची कडा सपाट केली. मग मान खाली घातली.

"मुलांना काय सांगायचं," तो म्हणाला, "ते आपण मिळून ठरवू."