चौथ्या ड्रमची शीट

धर्मपालचं डोकं इतकं ठेचलेलं होतं की अतुलला तो हातातल्या कड्यावरून ओळखावा लागला.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतलं, जुनी वाद्यं नवी करून देणारं ते वर्कशॉप दोघांच्या भागीदारीत होतं. सकाळी अतुलनं शटर वर केलं आणि तो धर्मपालकडे धावला. फौजदार उज्ज्वला आडे पोचली, तेव्हा त्याच्या शर्टाला रक्त लागलेलं होतं.

"हात कायले लावला?"

"जित्ता असन वाटलं, मॅडम."

मारायला झांजेचा लोखंडी स्टँड वापरला होता. भिंतीवरचे रक्ताचे शिंतोडे छातीच्या उंचीपासून खाली फरशीपर्यंत उतरले होते. पडल्यावरही घाव थांबले नव्हते. शटरचं कुलूप फोडलेलं नव्हतं; धर्मपालनंच कुणाला तरी आत घेतलं होतं. शेजारी पेंट रिमूव्हरचा डबा सांडला होता आणि त्याच्या कडीत धर्मपालची बोटं अडकलेली होती.

"हे अंगावर पडलं तर?"

"कातडी जळते. फोड येते." अतुलनं स्वतःचे तळवे दाखवले. तिथेही फोड होते. उज्ज्वलानं ते नीट पाहून घेतले.

टेबलावर ड्रमचे तीन लाकडी सांगाडे अर्धवट घासून ठेवले होते. चौथा, तीन पायांवर उभा राहणारा, हातोड्यानं फोडलेला होता. त्याच्या फळ्या मागच्या अंगणात पिंपात जाळल्या होत्या. महागड्या झांजा मात्र जागच्या जागी होत्या.

सेट संगीता नावाच्या मुलीचा होता. तिचा बाप सेवादास महागावच्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. ती लहान असतानाच तो घर सोडून निघून गेला, असं लोक सांगत. ऑर्केस्ट्राचा मालक देवसिंग यानं परवाच गोदाम रिकामं करवून घेतलं आणि बापाची आठवण म्हणून सेट तिला दिला. 'पह्यल्यासारखा करून द्या' एवढंच तिनं धर्मपालला सांगितलं होतं.

"कोणता ड्रम फुटला, हे बाहेर कुणाजवळ बोलायचं नाही," उज्ज्वलानं अतुलला आणि हवालदार मेश्रामला बजावलं.

मग तिची नजर वर गेली. ड्रमवरून सोलून काढलेल्या चमकीच्या पांढऱ्या शीट छताजवळच्या खिळ्यांना टांगल्या होत्या. मारेकऱ्यानं मान वर केली नव्हती.

अतुलनं त्या उतरवल्या. तीन शीट पिवळ्या पडलेल्या, मागचा गोंद पिठासारखा झडत होता. चौथी मात्र पांढरी होती. तिचा गोंद अजून रबरासारखा ताणला जात होता, आणि त्यात तळहाताएवढा काळपट डाग चिकटून आला होता.

"ही शीट मागाहून बसवली, मॅडम. खालचं लाकूड झाकासाठी."

धर्मपालच्या मोबाइलवरून शेवटचा फोन संगीताच्या घरी गेलेला. संगीता म्हणाली, "फोन याडीपाशी, माह्या मायपाशी राह्यते. याडी म्हणते, कुणाचा फोनच आला नाही."

महागावला देवसिंग खाटेवर होता. लकव्यानं अर्धं अंग गेलेलं.

"सेवादास गेल्यावर सेट कुणी वाजवला?"

"कोनीच नाही. गोदामातच होता."

"गोदामाची किल्ली?"

"सेवादासजवळ एक, शामजवळ एक. शाम कीबोर्ड वाजवे."

त्याच शामनं पुढे सेवादासची बायको हंसाबाई हिच्याशी घरोबा केला होता आणि तो तिच्याच घरी राहत होता. उन्हाळ्याचे दिवस असूनही तो ओसरीत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसला होता.

"धर्मपालला ओळखत होता?"

"नाही. संगीताचा सेट त्याच्याकडं होता, एवढंच मालूम."

"त्या सेटपायीच त्याचा जीव गेला."

"काहीतरीच, मॅडम. तीन पायाच्या एका फुटक्या ड्रमसाठी कोनी मानूस मारते का?"

उज्ज्वलानं पाणी मागितलं, ते शांतपणे प्यायली आणि निघाली.

डाग माणसाच्या रक्ताचा असल्याचा अहवाल आला, त्या दुपारी तिनं सगळ्यांना वर्कशॉपात बोलावलं. हंसाबाई आणि संगीता बाकावर बसल्या. शाम दाराशी उभा राहिला.

"अतुलवर माझा संशय होता," उज्ज्वला म्हणाली. "रक्त, हातावरचे फोड, सगळं जुळत होतं. पण अतुलला या शीट कुठे टांगतात ते माहीत होतं. ड्रम जाळणारा माणूस पुरावाच जाळत होता. अतुल असता तर त्यानं आधी शीट जाळली असती."

तिनं चौथी शीट टेबलावर पसरली.

"सेवादास कुठं गेलाच नाही. त्याचं डोकं या ड्रमवर आपटलं. लाकूड तडकलं, रक्त मुरलं. घासून निघेना म्हणून वर नवी शीट चढवली. हे गोदामाची किल्ली असलेल्यालाच जमलं असतं. धर्मपालनं शीट सोलली, तडा आणि डाग पाहिला आणि संगीताला कळवायला फोन केला. हंसाबाई, तुम्ही खोटं बोलला नाहीत. फोन दुसऱ्यानं उचलला आणि नंतर पुसून टाकला. घरचाच माणूस म्हणून धर्मपालनं त्याला आत घेतलं. कोणता ड्रम फुटला ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं, शाम? बाही वर कर."

शामनं बाही वर केली नाही. टेबलावरची पटाशी उचलून तो संगीतावर धावला. उज्ज्वला मध्ये पडली; पातं तिच्या दंडात घुसलं. मेश्रामनं काठीचा घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. शाम तोंडावर आपटला, दात तुटला, तरी तो पटाशी सोडेना. अतुलनं त्याचं मनगट बुटाखाली दाबलं. बाही टरकन फाटली. कोपरापर्यंत कातडी जळून सोललेली होती.

"कुठं आहे सेवादास?" उज्ज्वलानं दंड दाबून धरत विचारलं.

"गोदामामागं," शाम रक्त थुंकत म्हणाला. "बुजवलेल्या संडासच्या खड्ड्यात. मले हंसा पायजे होती. त्याले सांगतलं तर हासला तो माह्यावर."

हंसाबाई उठली नाही. रडलीही नाही.

"सेवादास हैदराबादले दिसला, दुसरी बाई करून राह्यला, असं यानंच सांगतलं मले," ती म्हणाली. "तवापासून म्या त्याले शिव्याच देल्ल्या. पोरीसमोर देल्ल्या."

दुसऱ्या दिवशी खड्डा उकरायला घेतला. ती काठावर बसून राहिली. संगीता तिचा हात धरून होती. पहिलं हाड वर आलं, तेव्हा हंसाबाईनं खांद्यावरची ओढणी काढली, मातीवर पसरली आणि मजुराला म्हणाली, "इथं ठेव. हळू ठेव."