बिनघुंगराची मोटार

पंचवीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र हरवलं नव्हतं. पत्ता ठाऊक होता. टाक, दौत, कागद, सगळं समोर होतं. जन्मभर मी वाचण्या-लिहिण्याखेरीज दुसरं काही केलेलं नाही. तरी ते एवढं उत्तर लिहिता आलं नाही.

तुमच्या मासिकातल्या भुताखेतांच्या हकिगती मी वाचतो. काही रचलेल्या वाटतात. माझीही तशीच वाटली तर माझा इलाज नाही. पण मला रचता येत नाही. जे ऐकलं तेच लिहितो आहे. नीट लिहिता येतंय की नाही, याचीही खात्री नाही.

साल १९२२. फाल्गुन महिना. खांडबारा स्टेशनकडे जाणारा जंगलातला रस्ता.

रात्र नव्हती.

सकाळचे आठ वाजले होते. चांगलं ऊन पडलं होतं.

माझं नाव रिखबचंद. खांडबाऱ्याला आमचं मीठ-किराण्याचं दुकान होतं. ते थोरले भाऊ अमरचंद चालवत. मला गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देता येत नसे. "हा पोथीतला किडा आहे, तराजूत बसायचा नाही," असं म्हणून भाऊंनी मला दुकानातून उठवलं. थोडं इंग्रजी येत होतं, म्हणून डोंगराकडच्या एका लहान संस्थानिकाच्या कचेरीत मला कारकुनी मिळाली. संस्थानाचं नाव लिहीत नाही. त्यांची माणसं अजून आहेत.

१९२१ साली राजेसाहेबांनी मोटार घेतली. गुजरातेतल्या एका मोठ्या राजाने वापरून कंटाळून काढलेली. ती आगगाडीच्या उघड्या डब्यावर बांधून खांडबाऱ्याला उतरली, तेव्हा अर्धा बाजार फलाटावर होता.

कंपनीचं नावही लिहीत नाही. दोन इंग्रजांची आडनावं जोडून झालेलं ते नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. पुढे जे घडलं त्यात गाडीचा काहीच दोष नव्हता. तिच्या नावाला डाग नको.

गाडीबरोबर इंग्रजी पुस्तकं आली. ती वाचून ड्रायव्हरला समजावणं हे माझं काम. पण मी त्याहून जास्त वाचलं. मुंबईहून जुनी मासिकं मागवली. त्या दोघांतला एक गिरणीवाल्याचा पोर. बाप लवकर गेला, पोराने वर्तमानपत्रं विकली, तारा वाटल्या. दुसरा उमरावाचा मुलगा. १९०४ साली मँचेस्टरच्या एका हॉटेलात दोघं भेटले. एकाने गाडी बनवायची, दुसऱ्याने विकायची. तीन वर्षांनी त्यांनी रुपेरी रंगाची एक गाडी काढली आणि लंडन ते ग्लासगो अशा खेपा घालत पंधरा हजार मैल पळवली. ती इतकी निःशब्द चालायची, की तिचं नावच त्यांनी ठेवलं…

रुपेरी भूत.

ते वाचून मी हसलो होतो.

त्या गिरणीवाल्याच्या पोराचं मला फार अप्रूप वाटे. त्याच्या लेखी आवाज म्हणजे कुठेतरी काहीतरी घासतंय, कुणीतरी काम हलगर्जीपणे केलंय. सगळं बिनचूक असेल तर आवाज होणारच नाही. मला स्वतःला चार माणसांत बोलता येत नसे. आवाज न करण्याला कुणी इतका मान देतं, हे वाचून कुठेतरी बरं वाटायचं.

ड्रायव्हर उदेसिंग. जवळच्याच पाड्यावरचा. पूर्वी राजेसाहेबांची बैलगाडी हाकायचा. सुरतेला दोन महिने राहून मोटार शिकला. अक्षर येत नव्हतं, पण कान असा की यंत्राजवळ मान कलती करून काय बिघडलंय ते सांगायचा. मी पुस्तक काढायचो तोवर त्याचा पाना फिरलेला असे. "तुम्ही वाचा शेठ, मी ऐकस," असं म्हणून मला चिडवायचा.

मोटारीच्या नाकावर एक चांदीसारखी बाई होती. पुढे झुकलेली, पदर वाऱ्यावर मागे उडालेला. पहिल्या दिवशी तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"शेठ, हाई बाईना डोकावर मोळी नही. म्हंजे राजाना घरनी व्हई."

मी मोठ्याने हसलो. मला हसवणारा तेवढा एकच माणूस होता.

त्याने एक गोष्ट मात्र केली, जी मला खटकायची. बैलांच्या गळ्यातली पितळी घुंगरमाळ त्याने त्या चांदीच्या बाईच्या पायाशी बांधली. इतकी देखणी गाडी, आणि चालली की छनछन… छनछन… तेलाच्या घाण्याला निघाल्यासारखी.

मी कारण विचारलं. त्याने यंत्र चालू ठेवूनच उत्तर दिलं. यंत्र चालू आहे, हे कळतही नव्हतं.

"वाटवर दोनच जण आवाज न करता येतस, शेठ. एक वाघ. दुसरानं नाव आम्ही लेतस नही."

मग नीट समजावलं. डोंगरातल्या बाया मोळ्या घेऊन रस्त्याच्या मधोमध चालतात. डोक्यावर ओझं, मान वळत नाही. मागचं त्या पाहत नाहीत. ऐकतात. घुंगरू वाजलं की न बघता कडेला होतात. मोटारीचा भोंगा त्यांच्या कानाला नवा. तो वाजला की दचकून जागच्या जागी थिजतात.

मला ते पटलं होतं. हे मुद्दाम लिहितो. मला पटलं होतं.

त्या फाल्गुनात राजेसाहेबांचे एक पाहुणे सकाळच्या गाडीने यायचे होते. मोटारींचे शौकीन. त्यांना आणायला मी आणि उदेसिंग निघालो. त्यांच्याशी काय बोलायचं ते मी रात्रभर घोकलं होतं. चालू यंत्रावर नाणं कडेवर उभं करून दाखवणार होतो. यंत्र चालू असतं आणि ते पडत नाही, असं मी वाचलं होतं.

आणि ती घुंगरमाळ दिसली.

मी ती काढायला सांगितली. उदेसिंग नाही म्हणाला. मी कधी नव्हे तो आवाज चढवला. हा गाडीचा अपमान आहे म्हणालो, बनवणाऱ्यांनी आयुष्य घालवलं त्या शांततेचा अपमान आहे. माझ्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात निघालेली पाहून तो बघतच राहिला.

"पाहुना उतरना का परत बांधसू," एवढं म्हणून त्याने माळ सोडली आणि माझ्या हातात दिली. मी ती रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

गाडी निघाली. खरोखर काहीच ऐकू येत नव्हतं. पानांवरून टायर गेल्याचा आवाज तेवढा…

मी डोळे मिटून ती शांतता ऐकत होतो.

पळसाच्या वळणावर उदेसिंगने भोंगा दाबला. मी डोळे उघडले.

समोर मोळी. मोळीखाली दोन पाय. ते पाय थिजले होते.

मग लाकडं पडल्याचा आवाज आला. तेवढाच.

ती रूपलीबाई. उदेसिंगच्याच पाड्यावरची. बाजारात लाकडं विकायला चालली होती. जागीच गेली.

दुपारी राजेसाहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं. एकच विचारलं, घुंगरं कुणी काढली? उदेसिंगने माझ्याकडे पाहिलं. तो बोलला नाही. शेठ स्वतः सांगतील, असं त्याला वाटलं असावं.

पिशवी माझ्या खांद्याला होती. माळ तिच्यात होती.

मी खाली पाहत राहिलो.

उदेसिंगला काढून टाकलं. मोटार राजेसाहेबांनी परत गुजरातेत विकली. महिन्याने मला ते पत्र आलं. स्टेशनवरच्या कुणाकडून तरी त्याने लिहून घेतलं होतं, त्याच्याच शब्दांत.

"शेठ, नोकरी गयी ते जाऊ द्या. पन मन्हा लोके म्हनतस, उदेसिंगनी मिजासकरता घुंगरमाळ काढी. होळीवर माले उभं ऱ्हावू देतस नही. माळ कोनी काढाले लावी, तेवढं लिखी द्या. मास्तर पंचेसमोर वाची दाखाडी. मी तुमनं नाव आजून लिधं नही. तुम्हीच ल्या."

डोंगरातल्या माणसाला काठी गावच्या होळीत उभं राहू न देणं म्हणजे काय, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. सात-सात दिवस पायी चालून माणसं तिथे जातात. तो आपला नाही, असं सगळ्यांसमोर म्हटल्यासारखंच ते.

चार ओळी लिहायच्या होत्या. मी उद्या लिहू म्हणालो. रोज म्हणालो.

दिवाळीच्या सुमाराला उदेसिंग तापाने गेला. त्याने माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही.

पुढचा फाल्गुन आला. मोटार नव्हती. मी कचेरीतून पायी खांडबाऱ्याला निघालो होतो. सकाळचीच वेळ. पळस फुलला होता. रस्त्यावर मी एकटा.

वळणाच्या अलीकडे मागून आवाज आला.

छनछन…

बैलगाडी असेल, म्हणून मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा. धूळही नाही.

आवाज जवळ येत होता. बैलांची चाल नव्हती ती. बैल चालतात तेव्हा घुंगरं हिसक्याने वाजतात. हा आवाज एकसारखा होता, सरकत येणारा… मला ओळखीचा.

तो माझ्यापाठी दोन हातांवर येऊन थांबला.

मी जागचा हललो नाही. किती वेळ, कोण जाणे. मग पुढे पाहिलं. वळणापाशी मोळ्या घेतलेल्या पाच-सहा बाया माझ्याकडे पाठ करून चालल्या होत्या. त्या रस्त्यावर नव्हत्या…

कडेला झाल्या होत्या. एका रांगेत. वाट देऊन.

सगळ्यात मागची बाई मान न वळवता बोलली. आवाजात भीती नव्हती. नुसती कटकट होती.

"गाडी जाऊ द्या ना शेठ. वाटमा काबर उभा शेतस?"

मी रस्ता सोडला आणि बाभळीला धरून उभा राहिलो. घुंगरांचा आवाज माझ्या अंगावरून पुढे गेला. वळणावर पोचला, आणि तिथेच… थांबला.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. माळ रुमालातच होती. उचलून हलवली.

वाजली नाही.

पुन्हा हलवली. जोराने. एकेका घुंगरात बोट घालून पाहिलं. आतला खडा होता, हलतही होता. पितळेवर आपटताना दिसत होता.

पण आवाज नव्हता.

मी नोकरी सोडली, नंदुरबारला आलो. लग्न केलं नाही. एका वाचनालयात पुस्तकं सांभाळली. तिथे कुणी बोलत नाही, ते मला सोयीचं होतं. माळ दर महिन्याला काढून हलवायचो. मुकी ती मुकीच. आणि दर फाल्गुनात, एका सकाळी, मागून तो आवाज यायचा. बाजारात, गल्लीत, एकदा आमच्या जैन देरासरच्या पायऱ्यांपाशी. दोन हातांवर थांबायचा. मी कडेला झालो की पुढे जायचा.

तो मला कधी काही करत नसे. वाट पाहत असल्यासारखा नुसता थांबायचा.

यंदा तो बाहेर आला नाही. माझ्या दाराशी आला. मी आत वाचत बसलो होतो.

छनछन… आणि थांबला.

घरात कडेला होण्यासारखी जागा नव्हती.

त्याच आठवड्यात खांडबाऱ्याचा दगा नावाचा ओळखीचा गाडीवान भेटला. धीर करून मी उदेसिंगच्या घरच्यांबद्दल विचारलं. त्याची बायको फुलीबाई अजून आहे म्हणाला. दर होळीला काठीला जाते. लोकांपासून दूर, एकटी उभी राहते. बोलावलं नाही तर जवळ कशी जाणार? पंचवीस वर्षं झाली, पण माळेचा डाग त्या घरावर तसाच आहे.

इतकी वर्षं मला वाटत होतं, की उत्तराची वेळ निघून गेली. मेलेल्या माणसाला काय लिहायचं?

त्या रात्री चार ओळी लिहिल्या. घुंगरमाळ मी काढायला लावली. उदेसिंग नाही म्हणत होता. तो खरा होता, मी गप्प राहिलो. हे मास्तरांनी पंचांसमोर मोठ्याने वाचावं. खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

सकाळी टपाल कचेरीत गेलो. पत्र आणि माळ एकाच पुडक्यात शिवली होती. फुलीबाईचं नाव, पाड्याचं नाव. कारकुनाने पुडकं हलवून पाहिलं, आत काय म्हणून विचारलं. घुंगरू म्हणालो. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. पुन्हा हलवलं. आवाज नाही. खांदे उडवून शिक्का मारला आणि पुडकं मागच्या थैलीत फेकलं.

थैलीत पडताना ते वाजलं.

छन्…

स्वच्छ. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. सुटलो, असं वाटलं. खरंच वाटलं.

बाहेर आलो. रस्ता मोकळा होता. उन्हात घराकडे चालू लागलो. मागे काही वाजत नव्हतं. कान देऊन ऐकलं. काहीच नाही.

माळ आता माझ्याकडे नव्हती. ती ज्यांची, त्यांच्याकडे निघाली होती.

वीसेक पावलं चाललो असेन. अजूनही शांतता होती. फार देखणी, बिनचूक शांतता… कुठे काही घासत नाही अशी. ती मी पूर्वी एकदा ऐकली होती, डोळे मिटून.

मला उदेसिंगचं बोलणं आठवलं. वाटेवर आवाज न करता दोघंच येतात.

मी मागे वळून पाहिलं नाही.

हळूच रस्त्याच्या कडेला झालो, आणि वाट दिली.