गिरणीच्या फाटकातलं बुजगावणं

सकाळी सकाळी मी स्वतःलाच जाऊन धडकले!

म्हणजे गिरणीच्या फाटकाशी उभ्या केलेल्या बुजगावण्याला. तांबड्या लोकरीचे केस, माझ्यासारखाच निळ्या पट्ट्यांचा एप्रन, दोन्ही हात कमरेवर... आणि भुवया अशा चढलेल्या, की आता कुणाला तरी खाणार! आमच्या थॉर्नबेक गावात दर मे महिन्यात बुजगावण्यांची जत्रा भरते. प्रत्येक दुकानदाराने आपल्या दारात एक उभं करायचं. खाटकाने किल्ल्यातलं भूत केलं होतं. मी माझ्या चहाच्या दुकानासमोर पुलावरचा जुना पहारेकरी उभा केला होता. आणि ह्या शहाण्याने — मला!

शहाणा म्हणजे बार्नबी. ह्या गिरणीतल्या पाणचक्कीवर गहू दळतो, आल्यागेल्यांना चक्की फिरवून दाखवतो आणि रोज माझ्याकडे पीठ टाकून जातो. बोलतो काय? तर, "आज ढग आहेत." "उद्या उघडेल बहुतेक." एकदा मी चुकून त्याच्या पायावर पाय दिला, तर सॉरी तोच म्हणाला! अशा माणसावर माझा जीव जडावा... माझं नशीब, दुसरं काय!

त्यात ताईचा तगादा. ब्रिस्टलला तिची बेकरी आहे. 'भागीदार म्हणून ये. संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर मी दुसरी बघते.' बार्नबीला मी आठवडाभर सांगत होते, "मी जाईन हं ब्रिस्टलला!" त्यावर तो म्हणायचा, "तिकडे पाऊस जास्त."

"बार्नबी! बाहेर ये आधी!"

पिठाने माखलेला तो बाहेर आला आणि मला बघून कानापर्यंत लाल झाला.

"सॉरी, टॅमसिन... भुवया जमल्या नाहीत का?"

"भुवया? अरे, अख्खं गाव फोटो काढतंय! मी काय इतकी खाष्ट दिसते?"

"खाष्ट नाही गं. रविवारी गर्दी झाली की तू अशीच उभी असतेस दारात... छान दिसतेस."

"छान?"

"आणि जत्रेच्या समितीने यंदा विषयच तसा दिलाय ना... 'गावात बघण्यासारखं काय आहे'." तो बुटांकडे बघत पुटपुटला. "मला दुसरं काही सुचलंच नाही."

समोरच्या बाकावर अ‍ॅग्नेस काकूंचं विणकाम थांबलं. भुरभुर सुरू झाली होती. मी पुढच्या शब्दाची वाट बघतेय... आणि हा पठ्ठ्या वर बघून म्हणतो, "पाऊस... लागला बहुतेक."

"आग लागो तुझ्या पावसाला! संध्याकाळी मी ताईला हो म्हणणार आहे. जाणार मी, कळतंय का?"

त्याने अंगातला कोट काढला. मला वाटलं, मला देतोय. तर त्याने तो बुजगावण्याच्या खांद्यावर टाकला! मी कपाळावर हात मारून घेतला आणि चालू लागले.

"नको जाऊस."

मी वळले. "काय म्हणालास?"

"जाऊ नकोस. सॉरी... नाही, सॉरी नाही! मला तू हवी आहेस, टॅमसिन. रोज काय मी पिठासाठी येतो? अगं, एकदाच गोणी टाकली तर आठवडाभर पुरेल तुला!"

"सुटलं बाई एकदाचं तोंड!" अ‍ॅग्नेस काकू म्हणाल्या.

मी तिथूनच ताईला फोन लावला. त्याचा पिठाळ हात माझ्या हातात होता आणि तो मला काही सोडवेना.

"ताई, मी येत नाही."

"अगं, झालं तरी काय?"

"बार्नबी बोलला."

"तो पीठवाला? काय बोलला?"

मी फोन त्याच्या कानाला लावला. "तूच सांग."

आणि त्या मुखदुर्बळ माणसाने भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, मोठ्यांदा पुन्हा सांगितलं.