वर्ष-दिवसाची वहिवाट

दिवा जरा बारीक कर रे, तेल तुझ्या बापाने दिलेलं नाही. आणि तू, रॉजे, दाराकडे तोंड करून बस. काही आलंच तर आधी तुला दिसू दे. तुम्ही याच जेरुसलेमात जन्मलेली पोरं. घर बापाकडून मिळतं एवढंच तुम्हाला ठाऊक. बापाला कुणाकडून मिळालं, हे कुणी विचारत नाही.

आमच्या वेळी रीत सोपी होती. आपल्या फौजेने शहर जिंकलं त्या दिवशी ज्याने दारावर ढाल टांगली, घर त्याचं. मग कायदा आला. वर्ष आणि एक दिवस, कुणाची हरकत न येता राहिलास, की कायमचं तुझं.

दोर वळणारा ओझेर माझा दोस्त. रविवार, पंधरा जुलै, सन अकराशे. शहर जिंकल्याला त्या दिवशी वर्ष झालं. दिवेलागणीला तो माझ्या भट्टीवर पाव न्यायला आला. काखेत रिकामी घागर.

“काय मालक,” मी म्हटलं, “अंगणात एवढं टाकं, आणि पाणी माझ्याकडचं?”

“कडू आहे ते.”

“चाखलंस कधी?”

“मेल्या, देतोस की जाऊ?”

“देतो रे. वहिनी कधी येतेय?”

“याफ्फा बंदरात उतरलीय पोरांना घेऊन. उद्या दुपारी पोचेल. सकाळी कारकून येऊन घर माझ्या नावावर चढवणार. आजची रात्र तेवढी जाऊ दे.”

“आणि कुणी हरकत घेतली तर?”

“घेणार कोण?” तो हसला. भरली घागर खांद्यावर घेऊन निघाला.

हरकत घेणारा एकच होता. घरधनी म्हातारा. ढाल टांगली त्याच दिवशी ओझेरने त्याला जिवंत टाक्यात लोटलं आणि वर शिळा सरकवली. म्हातारा खालून ओरडत होता, “बैती! बैती!” ओझेरला वाटलं, शिवी असेल. पुढे बाजारात दोर विकता विकता इथल्या लोकांची अरबी कानावर बसली. बैती म्हणजे माझं घर. त्या दिवसापासून टाक्याचं पाणी त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

त्या रात्री त्याने दाराला अडसर घातला. बायकोसाठी खाट झाडली. पोरांची अंथरुणं घातली. आडवा झाला.

मठाची मध्यरात्रीची घंटा झाली.

अंगणात काहीतरी वाजलं. दगडावर नख...

ओझेर उठून बसला.

“बैती.”

आवाज खालून. ओला.

ओझेरने कान झाकले. पण हरकत ऐकून गप्प राहिलं, तर कायद्याने घर गेलं. बायको वाटेत होती. तो म्हाताऱ्याच्याच भाषेत ओरडला, “माझं आहे! वर्ष झालं! वर एक दिवस झाला!”



मग खालून, अगदी हळू, समजुतीने...

“तू रोज बाहेर जात होतास. पाण्याला.”

ओझेर खाटेवरून उतरून अंगणात आला.

“मी एकदाही गेलो नाही.”

शिळा हलली नाही. अंगणात मात्र पाणी आलं. घोट्यापर्यंत... गुडघ्यापर्यंत...

सकाळी कारकून आला, सोबत मी. दाराला आतून अडसर तसाच. ओझेर बाहेर गल्लीत बसलेला, अंग कोरडं ठणठणीत.

“घर कुणाच्या नावावर?” कारकुनाने विचारलं.

“त्याच्या,” ओझेर म्हणाला, आणि रात्रीची सगळी हकीकत मला सांगितली.

दुपारी त्याची बायको एमलीन आली. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन तिने पेला ओठाला लावला. त्याने दात आवळले. “त्याचं आहे.” माझ्या विहिरीचं दिलं, तेही त्याचं. पोरं रडली, पाद्री ओरडला. जुलैचं ऊन. चौथ्या दिवशी गेला.

त्याच संध्याकाळी आम्ही चौघांनी अडसर तोडला, शिळा कडेवर उभी केली. खाली पाणी, आरशासारखं. त्यात हाड नाही, चिंधी नाही. शिळेच्या खालच्या अंगाला रेघा होत्या, नखाने ओढाव्यात तशा. कारकुनाने मोजल्या, दिवसाला एक. वर्ष आणि पाच दिवस.

पाचव्या, आजच्या रेघेतून दगडाचा भुगा अजून गळत होता.