लोलक काढलेल्या घंटा

आईला पंचाहत्तरावं लागलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली: चार्ल्स्टनला घेऊन चला. तिची पणजी दक्षिणेतल्या त्या शहरात कुठल्याशा मोठ्या घरात गुलाम म्हणून जन्मली आणि तिथूनच विकली गेली. घर कुठलं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. "नसू दे," आई म्हणाली. "हवा तर तीच असेल ना."

बाल्टिमोरहून गाडी रॉइसने चालवली. रॉइस माझा मोठा भाऊ. पियानोचे सूर जुळवून देतो. अंगाने दाराएवढा, पण बोटं इतकी हलकी की झोपलेल्या मांजराची कूस बदलली तरी तिला जाग येणार नाही. मी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करते. जळालेलं दुकान, जिन्यावरून घसरून मोडलेला पाय. खरं किती आणि रचलेलं किती, एवढंच बघायचं. म्हणून पुढचं जसं घडलं तसं सांगते. अर्थ लावत नाही.

आम्ही बंदराजवळच्या एका जुन्या घरात उतरलो. आता तिथे पाहुणे ठेवतात. पांढरे खांब, बाजूने लांब ओसरी, अंगणात मॅग्नोलियाची दाट सावली. रॉइस आमच्या बॅगा उतरवत होता तेवढ्यात ओसरीवर बसलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने आपलीही सूटकेस त्याच्यापुढे सरकवली. "दुसरा मजला," एवढंच म्हणाला आणि परत पेपरात डोकं घातलं.

रॉइस ती उचलून वर ठेवून आला.

"टीप तरी दिली का मेल्याने?" आईने विचारलं.

"तुझ्या वाढदिवसाला भांडण नको, आई."

"वाढदिवस माझा. भांडायचं की नाही ते मी ठरवीन."

मालकीणबाई, मिसेस थॉर्नवेल, गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांनी स्वतः घर दाखवलं. मागचा अरुंद जिना दाखवत म्हणाल्या, "हा नोकरांचा जिना. इथली नोकरमाणसं फार निष्ठावान होती."

"पगार काय होता त्यांना?" आईने विचारलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. तिचा प्रश्न साधा वाटतो, पण तसा नसतो.

मिसेस थॉर्नवेल हसल्या आणि पुढच्या खोलीकडे वळल्या.

स्वयंपाकघराबाहेर भिंतीवर पितळी घंटांची रांग होती. वरच्या प्रत्येक खोलीतून नोकराला बोलवायला एक. त्या ओढायच्या तारा केव्हाच कापून टाकल्या होत्या. रॉइसने धंद्याच्या सवयीने एकीच्या आत बोट घालून पाहिलं. "आतले वाजणारे लोलकच नाहीत," तो म्हणाला. "सगळ्यांचे काढून टाकलेत."

"आमच्या आजीला तो आवाज सहन व्हायचा नाही," मिसेस थॉर्नवेल म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कोळंबी आणि मक्याचा सांजा होता. आई मिठावरून कुरकुरत होती. रॉइसने अर्धा घास तसाच ठेवला, खुर्ची मागे सारली आणि उठून गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी शोधायला गेले. वरच्या दिवाणखान्याच्या दाराशी तो उभा होता. हात मांडीला चिकटलेले, नजर जमिनीवर. असं उभं राहिलेलं मी त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"इथे काय करतोयस?"

त्याने दचकून माझ्याकडे बघितलं. "घंटा वाजली ना."

"कुठली घंटा?"

तो हसला, पण त्याच्या ओठावर घाम होता. "काय की. कानात पियानो बसलेत माझ्या."

त्या दुपारी आम्ही बाजार हिंडलो. आईने गवताची एक टोपली घेतली आणि विणणाऱ्या बाईशी तिची गट्टी जमली. मग समुद्राच्या कठड्याकडे निघालो. रॉइस आईला गलबतं दाखवत होता. बोलता बोलता तो मध्येच थांबला, वळला आणि आलो होतो तिकडेच परत चालू लागला. मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं. चेहरा भेदरलेला, पण पाय थांबेनात. सिग्नल लाल असताना तो रस्त्यात उतरला. एका गाडीने करकचून ब्रेक दाबले. गाडीचं नाक त्याच्या गुडघ्याला लागलं, तरी चालणं तुटलं नाही. मी धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली, तर त्याने मलाच फरफटत नेलं. घराच्या कोपऱ्यावर मात्र तो एकदम सैल पडला.

"डेल्फीन," तो म्हणाला, "पाय माझं ऐकत नाहीत गं."

आई मागून धापा टाकत आली. तिने सगळं पाहिलं होतं. "गाडी काढा," एवढंच म्हणाली.

सामान आणि आईची रक्तदाबाची औषधं खोलीतच होती. रॉइसला मागच्या सीटवर बसवून आई त्याच्या शेजारी बसली. मी एकटी आत गेले. बाहेर रणरणतं ऊन होतं, घरात चिटपाखरू नव्हतं. मी हाताला लागेल ते बॅगेत कोंबत होते.

आणि या वेळी घंटा मलाही ऐकू आली.

बारीक, उतावळी, चिडलेली. थांबली, मग पुन्हा. मी खाली पळाले. भिंतीवरच्या घंटा जागच्या जागी होत्या. एकही हलत नव्हती. अंगणातून आईची आरोळी आली. रॉइस दारातून आत शिरला. त्याच्या शर्टाचा मागचा भाग फाटून आईच्या मुठीत राहिला होता. तो माझ्याकडे बघतच पुढे गेला, पण मी त्याला दिसत नव्हते. मागच्या जिन्याने तो वर चढला.

मी त्याच्यामागे दिवाणखान्यात पोचले. खोली रिकामी होती. रॉइस मधोमध, मान खाली घालून उभा.

ओली चादर झटकावी तसा आवाज झाला. त्याची मान एका बाजूला फेकली गेली. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं.

पुन्हा तोच आवाज. उघड्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी उलली. माझ्या डोळ्यांदेखत.

तो गुडघ्यांवर आला. तो आवाज येतच राहिला, घाई नसल्यासारखा. भिंतीच्या निळ्या कागदावर रक्ताचे थेंब उडाले.

मी मध्ये पडले. काहीतरी माझ्या छातीवर आदळलं आणि मी भिंतीवर फेकली गेले. खांद्यात काहीतरी काडकन मोडल्यासारखं झालं. हात उचलेना.

जिन्यावर आईची पावलं वाजली. दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पायरी. ती दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली,

"रॉइस. मान वर कर."

आवाज झाला. त्याचं शरीर हललं.

"मी तुला जन्म दिलाय. त्याने नाही. मान वर कर आणि धर ते."

रॉइसने मान वर केली. पुढच्या आवाजाबरोबर त्याचा उजवा हात हवेत गेला आणि मूठ मिटली.

मुठीत काहीच नव्हतं. पण मनगटाभोवती कातडीत वळ रुतत गेले, एकावर एक, चाबकाची वादी गुंडाळावी तसे.

त्याने ओढलं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी जड, माणसाएवढं, जमिनीवर आपटलं. खुर्ची मोडली. गालिच्यावरून धूळ उठली.

रॉइस त्याच्यावर बसला.

मांजराची झोप न मोडणारी ती बोटं हवेत वळली. अंगठे आत गेले. त्याच्या दंडाच्या शिरा तटतटल्या. गालिच्यावर, त्याच्या पायांच्या पलीकडे, टाचा घासल्यासारखे दोन पट्टे उमटू लागले. खाली, वर. खाली, वर.

"पुरे," मी म्हणाले. "रॉइस, पुरे!"

"नाही," आई म्हणाली. "होऊ दे."

पट्टे उमटत राहिले.

मग थांबले.

आम्ही खाली आलो तेव्हा मिसेस थॉर्नवेल फुलं घेऊन दारातून शिरत होत्या. रॉइसकडे पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! कुणी केलं हे?"

आईने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमच्या या घरात वर राहत होता कुणीतरी," ती म्हणाली. "आता नाही."

शहरापासून बऱ्याच अंतरावरच्या एका दवाखान्यात आम्ही गाडी थांबवली. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. रॉइसच्या पाठीवर टाके घातले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, जिन्यावरून पडलो. असं सांगणाऱ्यांची खोटी गोष्ट मी रोज पकडते. त्यांनीही पकडली असणार.

रॉइस उजव्या हाताची मूठ उघडत नव्हता. सुजली असेल म्हणून डॉक्टरीणबाईंनी ती कोमट पाण्यात धरली. एकेक बोट हळूहळू सुटलं.

तळव्यात केसांचा झुबका होता. तांबूस, राठ, दाढीचे असावेत तसे. बाईंनी चिमट्याने तो उचलून दिव्याखाली धरला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरं, ओलं मूळ होतं.