दगडू ‘लिफ्ट’ शिकतो

अर्थ पाठ असला म्हणजे शब्द आला, असं म्हणता येईल का? मी छाती ठोकून हो म्हणाले असते. दोनशे इंग्रजी क्रियापदं मला अर्थासकट घडाघडा पाठ होती. पण त्या शनिवारी आबांच्या प्रयोगशाळेत माझी बोबडीच वळली.

आबा म्हणजे माझे आजोबा, भूगर्भशास्त्रज्ञ (पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करणारे). डोंगरात खोदलेल्या त्यांच्या लांबलचक खोलीत खडकांचे नमुने लोखंडी मांडण्यांवर रचलेले असतात. ते उचलायला दगडू नावाचा यंत्रमानव आदल्याच दिवशी आला होता. नाव आबांनी ठेवलेलं, पण स्वारी परदेशी. इंग्रजीशिवाय काही कळायचं नाही.

जमीन हलली. धक्का छोटाच, पण एक मांडणी आडवी झाली आणि आबांचा पाय खाली सापडला. दार दगडांनी बुजलं. फोन लागेना. शेजारची मांडणीही कलून करकरत होती. ती पडली तर आबा गेलेच, हे मला दिसत होतं.

“सुरंगी, दगडूला सांग,” आबा क्षीण आवाजात म्हणाले. “तो पार त्या टोकाला आहे. माझा आवाज पोचत नाही.”

दोनशेतलं एकही आठवेना. कसंबसं तोंडातून निघालं, “लिफ्ट.”

दगडूने येऊन मांडणीचं टोक धरून हिसका दिला. आबा कळवळले, वरचे दगड त्यांच्याकडे घरंगळले.

“स्टॉप!” मी किंचाळले. तो थांबला. “मठ्ठ कुठला. याला अर्थ तरी माहीत आहे का?”

“अर्थ चोख माहीत आहे,” आबा दम खात म्हणाले. “खालून वर नेणे. तुझ्यासारखाच पाठांतरात हुशार आहे तो. पण क्रियापद एकटं नसतं, बाळा. काय उचलायचं, किती सावकाश, कशाला जपून, हे सगळं त्याच्यासोबत येतं. ते वापरातूनच कळतं. त्याच्या बोटांत स्पर्शसंवेदक (दाब ओळखणारे बारीक भाग) आहेत. करून दाखव त्याला.”

दगडूचा थंड पंजा ओढून मी माझ्या हातावर ठेवला. “लिफ्ट,” म्हणत आबांचा चष्मा उचलला. मग एक सैल दगड, आधी त्याच्या खालचा चाचपून. मग आबांचा हात, अगदी हलके.

पुढचा दगड त्याने स्वतः उचलला, खालचा चाचपून. मग एकेक करत सगळे. तेवढ्यात जमीन पुन्हा थरथरली. मी जीव मुठीत धरून आबांच्या काखेत हात घातले.

“लिफ्ट,” मी पुटपुटले.

मांडणी बोटबोट वर आली. मी सगळा जोर लावून ओढलं, पाय सुटला. आम्ही भिंतीशी पोचतोय तोच शेजारची मांडणी त्याच जागी कोसळली.

“पाय मोडलाय बहुतेक,” आबा म्हणाले. “उद्यापासून तुम्हा दोघांची शिकवणी.”

दाराबाहेर माणसांचे आवाज आले, दगड हलू लागले. आणि मी हमसून हमसून रडायला लागले. दगडू वाकून माझ्याकडे बघत राहिला.

“हे ‘क्राय’ आहे का?” त्याने इंग्रजीत विचारलं. “कोशात दुःख, वेदना असं दिलंय. पण आजोबा तर वाचले.”

मी नाक पुसलं. आबांचा हात अजून माझ्या हातात होता, चांगला ऊबदार.

“क्रायच आहे,” मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. “असंही वापरतात.”